वखर सुटलेली जमीन : सावंगी (मेघे) येथील रिकामे प्लॉट आणि गाजर गवत

शहर संपत आल्यासारखे वाटते तिथे नेमके काय उगवते, या प्रश्नाचे उत्तर विदर्भात बहुतेक ठिकाणी ‘लेआऊट’ असेच येते; आणि लेआऊटमध्ये काय उगवते असे पुढे विचारले, तर घरांच्या आधी गाजर गवताचे नाव घ्यावे लागते. माळरान, रेल्वेमार्गाची कड आणि पडीक शेत या तणाच्या ओळखीच्या जागा असल्या, तरी आज ते सर्वांत निर्धास्तपणे वाढते ते दोन घरांमधील मोकळ्या तुकड्यावर, ज्याच्यावर मालकी एकाची, त्रास दुसऱ्याचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही अशी स्थिती असते. वर्धा शहराला खेटून असलेले सावंगी (मेघे) हे गाव या स्थितीचा अभ्यास करण्यास विशेष सोयीचे आहे, कारण तिथे शेत, लेआऊट, दवाखाना आणि वस्ती ही चारही रूपे चालत फिरता येईल एवढ्या अंतरात एकमेकांना लागून दिसतात.

शेत संपते, घर सुरू होत नाही

सावंगी, सिंदी, बोरगाव, उमरी, पिपरी ही ‘मेघे’ हे उपपद लावणारी गावे वर्धा शहराभोवती पसरलेली आहेत, आणि शहराची वाढ गेली कित्येक वर्षे याच गावांच्या शिवारात होत आली आहे. सावंगीच्या बाबतीत या वाढीला आणखी एक मोठे कारण मिळाले : १९९० मध्ये येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय वाढत गेले, आणि २००५ मध्ये या संस्थासमूहाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यार्थी, परिचारिका, डॉक्टर, कर्मचारी आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या वर्दळीमुळे खोल्या, खानावळी आणि घरे यांना मागणी आली, आणि कापूस, तूर व सोयाबीन पिकवणाऱ्या काळ्या जमिनीचे तुकडे अकृषक होऊन, मुरमाचे रस्ते व सिमेंटचे खुंट लावून विकले जाऊ लागले.

गाजर गवताच्या दृष्टीने निर्णायक घटना घडते ती इथे. शेत चालू असताना खरिपात पिकाच्या ओळींमधून ठरावीक दिवसांनी डवरे फिरतात, निंदणाऱ्या बाया तण हाताने काढतात आणि उन्हाळ्यात वखराने जमीन मोकळी केली जाते. त्यामुळे गाजर गवत धुऱ्यावर आणि पांदणीच्या कडेला असले, तरी पऱ्हाटीत ते फार काळ टिकू दिले जात नाही. जमीन लेआऊटमध्ये गेली की डवरा, निंदण आणि वखर ही तिन्ही कामे एकाच हंगामात थांबतात, मात्र घर उभे राहायला पाच, दहा, कधी त्याहून अधिक वर्षे लागतात, कारण प्लॉट घेणारा अनेकदा नागपूर, अमरावती किंवा यवतमाळला राहणारा असतो आणि त्याने तो मुलाच्या शिक्षणासाठी, निवृत्तीसाठी किंवा केवळ भाव वाढेल म्हणून घेतलेला असतो. शेतकऱ्याचा हात सुटलेली आणि घरमालकाचा हात न लागलेली अशी ही मधली अवस्था आहे, आणि सावंगीतील गाजर गवताचा प्रश्न मुख्यतः या अवस्थेच्या लांबीचा प्रश्न आहे.

या मोकळ्या तुकड्यांवर जनावरे चरतात, ही गोष्ट वरवर पाहता उपकारक वाटते. प्रत्यक्षात ती तणाच्याच पथ्यावर पडते. गाई-शेळ्या हरळी, कुंदा यांसारखी गवते खाऊन टाकतात, पण कडू असलेल्या गाजर गवताला सहसा तोंड लावत नाहीत, आणि त्यामुळे त्याच्याशी जागेसाठी झगडू शकणाऱ्या वनस्पतीच नेमक्या कमी होत जातात. भरीसाठी आणलेला मुरूम, रेतीचा ट्रक, जेसीबीच्या चाकांना चिकटलेला चिखल यांच्याबरोबर नवे बी येते, आणि शेजारच्या घराच्या न्हाणीचे पाणी उघड्या नालीतून प्लॉटवर आले की भर उन्हाळ्यातही त्या पट्ट्यात हे तण हिरवेगार राहते.

एका फुलातील पाच बिया

गाजर गवत, म्हणजेच पार्थेनियम हिस्टेरोफोरस, ही सूर्यफूल आणि झेंडू यांच्या कुळातील, मूळची मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या उष्ण प्रदेशातील वर्षायू वनस्पती आहे. वर्षायू वनस्पती वर्षाच्या आत उगवून, फुलून, बी टाकून मरते, आणि म्हणून तिचे सारे भवितव्य बीवर अवलंबून असते. पहिल्या पावसानंतर रोप उगवते तेव्हा गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली पाने जमिनीला चिकटून चक्राकार पसरतात, आणि या पसरट अवस्थेत ते आपल्या खालच्या इतर रोपांचा प्रकाश अडवते. त्यानंतर मधून खोड उभे राहते, त्याला फांद्या फुटतात, आणि उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत पांढरी फुले दिसू लागतात.

ज्याला सर्वसामान्यपणे फूल म्हटले जाते ते प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म फुलांचे एक डोके असते. डाळीच्या दाण्याएवढे ते डोके बोटांत धरून नीट पाहिले, तर कडेला पाच बारीक टोके दिसतात आणि प्रत्येक टोकापाशी एकच काळसर बी तयार होते. डोक्यामागे बिया पाचच असल्या, तरी मोठ्या झाडावर अशी हजारो डोकी असतात, आणि म्हणून एका झाडाच्या बियांची संख्या पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत सांगितली जाते. बीच्या दोन्ही बाजूंना वांझ फुलांचे हलके, हवा धरून ठेवणारे अवशेष चिकटलेले असल्याने ते वाऱ्याने सरकते आणि पाण्यावर तरंगते. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांत यातले बरेचसे बी खाली उतरते, आणि हे खाली उतरणेच सर्वांत त्रासदायक ठरते : पृष्ठभागावरचे बी लवकर रुजते किंवा मरते, परंतु ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत जमिनीत काही सेंटिमीटर खोल पुरलेले बहुसंख्य बी दोन वर्षांनंतरही जिवंत आढळले आहे. प्लॉट एका वर्षी पूर्ण स्वच्छ केला आणि दुसऱ्या वर्षी पायाच्या खोदकामाने खालची माती वर आली की तण पुन्हा तितक्याच जोमाने का उगवते, याचा उलगडा यातून होतो.

पार्थेनिन नावाचे कडू रसायन या वनस्पतीच्या पानांत, फुलांत आणि अंगावरच्या सूक्ष्म लवेत असते. सडलेल्या पानांतून जमिनीत उतरणारी अशी द्रव्ये शेजारच्या बियांच्या रुजण्यात अडथळा आणतात, आणि वनस्पतीने रसायनाच्या जोरावर शेजाऱ्याला दाबून ठेवण्याच्या या प्रकाराला वनस्पतिशास्त्रात स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्थान आहे.

पुण्याचा उकिरडा आणि अमेरिकन गहू

हे तण भारतात अमेरिकेच्या ‘पी.एल. ४८०’ गव्हातून आले, हे विधान महाराष्ट्रात इतके रूढ आहे की ते तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. शास्त्रीय नोंदी मात्र थोडे वेगळे सांगतात. पुण्यात प्रा. परांजपे यांना उकिरड्यांवर या वनस्पतीची तुरळक झाडे १९५१ मध्येच दिसली होती, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये तिची भारतासाठी नवी नोंद प्रसिद्ध केली. उलट ज्या कायद्याचे नाव घेतले जाते तो अमेरिकेत संमत झाला १९५४ मध्ये, आणि भारताशी त्याखालील पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. धान्याबरोबर आगमन झाले ही शक्यता यामुळे मोडीत निघत नाही, कारण १९५१ मध्येच एका स्वतंत्र कायद्यान्वये अमेरिकेने भारताला कर्जाऊ गहू दिला होता आणि नंतरच्या आयातींनी बियांचे नवे हप्ते आणले असणे अगदी संभवनीय आहे. परंतु एका कराराच्या माथी सारा दोष मारणे सोयीचे असले, तरी कालक्रमाला धरून नाही. त्या काळच्या सत्ताधारी पक्षाचे नाव या तणाला चिकटले ते आजही वर्ध्यात सर्रास ऐकू येते.

पुण्याच्या उकिरड्यापासून सुरुवात झाली, हा तपशील मात्र आजच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. भारतातील तिची पहिली ठळक नोंदच नागरी कचऱ्याच्या जागी झाली; म्हणजे शेताचे तण वस्तीत शिरले, या रूढ समजुतीपेक्षा वस्तीच्या उकिरड्यावरून ते शिवारात गेले, हा क्रम अधिक खरा दिसतो.

पापण्या, मान आणि कोपराची खोबण

पुण्यातच या वनस्पतीच्या दुसऱ्या रूपाची ओळख झाली. डॉ. लोणकर यांनी मिचेल व कॅलनान या सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये गाजर गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर भारतीय त्वचारोगशास्त्रात हा विषय कायमचा दाखल झाला. हा दाह विषासारखा लगेच होत नाही. शरीर त्या रसायनाला आधी ‘ओळखते’, ही ओळख व्हायला महिने किंवा वर्षे लागतात, आणि एकदा ती झाली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही प्रतिक्रिया उमटते. त्यामुळे वीस वर्षे गाजर गवत उपटणारा माणूस आपल्याला काहीच होत नाही असे खात्रीने सांगतो, आणि एकविसाव्या वर्षी त्याच्या पापण्या सुजतात.

झाडाचे वाळलेले कण आणि लव हवेतून येत असल्याने पुरळ उठते ते उघड्या व घाम साचणाऱ्या जागी : पापण्यांवर, मानेच्या घड्यांत, गळ्याखाली सदऱ्याच्या उघड्या भागात, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत. कातडी जाड व काळसर होते, खाज रात्री वाढते, आणि काही रुग्णांत पुढे सूर्यप्रकाशही सहन होत नाही. निदानासाठी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून दोन-तीन दिवसांनी त्वचा तपासली जाते. औषधांनी दाह दबतो, परंतु रुग्ण परत त्याच लेआऊटमध्ये राहायला जातो आणि शेजारचा प्लॉट त्याचा नसतो. ज्या गावाची ओळखच मोठ्या रुग्णालयामुळे आहे, तिथल्या रुग्णालयाबाहेरच्या रस्त्यांवर खोली शोधणाऱ्या माणसाने खिडकी कोणत्या बाजूला उघडते, हे पाहून घेणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

मालक कोठे आहे ?

इंग्लंड-वेल्समध्ये घरांच्या आवारातील अशाच एका परकीय वनस्पतीने, जपानी नॉटवीडने, मालमत्तेच्या व्यवहारालाच वळण लावले आहे. एकोणिसाव्या शतकात शोभेची म्हणून युरोपात आणलेली ही बहुवर्षायू वनस्पती तिथे जमिनीखालील खोडाच्या तुकड्यांनी पसरते, आणि घर विकणाऱ्याला ती आपल्या आवारात आहे काय, हे छापील प्रश्नावलीत लिहून द्यावे लागते. मूल्यांकनकारांच्या संस्थेने २०१२ मध्ये इमारतीपासून सात मीटरचे अंतर धोक्याची कसोटी म्हणून मानले, आणि अनुभवाने ती अतिरेकी वाटल्यावर २०२२ मध्ये ते तीन मीटरवर आणले. साउथ वेल्समधील दोन घरमालकांनी शेजारच्या रेल्वेच्या जमिनीवरील नॉटवीडविरुद्ध केलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१८ मध्ये असे ठरवले की घराची किंमत उतरली एवढ्यानेच भरपाई मिळत नाही, परंतु शेजाऱ्याच्या जमिनीतून आलेल्या वनस्पतीमुळे आपल्या जागेच्या सुखेनैव उपभोगात अडथळा येत असेल, तर मिळते.

सावंगीत प्लॉटचा भाव रस्त्याची रुंदी, दवाखान्यापासूनचे अंतर आणि अकृषक परवानगीचा कागद यांवर ठरतो. त्यावर कंबरभर गाजर गवत आहे म्हणून कोणी भाव पाडून मागितला, तर विकणारा हसेल. म्हणजे जो दबाव इंग्लंडमध्ये बँका आणि खरेदीदार निर्माण करतात, तो इथे अस्तित्वातच नाही. कर्नाटकाने १९७५ मध्येच या वनस्पतीला कायद्याने उपद्रवी तण जाहीर केले, परंतु तिथेही ती आटोक्यात आली नाही, आणि त्यामुळे केवळ जाहीरनाम्यावर विसंबण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात गावाची स्वच्छता व उपद्रव दूर करणे हे पंचायतीचे काम आहे आणि इमारतींप्रमाणे जमिनींवरही कर बसवण्याची तरतूद आहे. म्हणजे मोकळ्या प्लॉटचा मालक कराच्या वहीत तरी सापडायला हवा. व्यवहारात मात्र सातबाऱ्यावर एक नाव, खरेदीखतावर दुसरे आणि फोन उचलणारा तिसराच, असा प्रकार कोणत्याही लेआऊटमध्ये आढळतो, आणि आराखड्यात बागेसाठी राखून ठेवलेली खुली जागा तर सर्वांची असल्याने सर्वांत आधी गाजर गवताने भरते.

केव्हा उपटायचे

उपाय सांगणाऱ्यांचा भर सहसा कशाने, यावर असतो. सावंगीतील प्लॉट पाहिल्यावर केव्हा, हा प्रश्न त्याहून मोठा असल्याचे लक्षात येते. जून-जुलैच्या पावसात माती ओली असताना रोप बुडाशी धरून ओढले, तर पांढरे सोटमूळ सबंध बाहेर येते. हीच माती वाळल्यावर खोड जमिनीलगत तुटते आणि उरलेल्या बुडातून तीन-चार नवे फुटवे निघतात. ग्रास कटरने वरून कापण्याचा परिणामही तोच होतो, आणि कापलेले झाड पूर्वीपेक्षा बुटके राहून, काही आठवड्यांतच, पुन्हा फुलते. पण जुलै हा पऱ्हाटी-सोयाबीनच्या निंदणाचा हंगाम असल्याने त्या वेळी मजूर बाया शेतात असतात, प्लॉटसाठी कोणी मिळत नाही, आणि साफसफाई पुढे ढकलली जाते ती पोळ्यानंतर, गणपतीच्या किंवा नवरात्राच्या तोंडावर, आणि बऱ्याचदा दिवाळीच्या आधी. तोवर झाड फुलून बी धरलेले असते. ते उपटून, ओढत नेऊन रस्त्याच्या कडेला ढीग घातल्याने परिसर सणापुरता स्वच्छ दिसतो आणि बियांची पेरणी रस्ताभर होते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर पाळला जाणारा गाजर गवत जागृती सप्ताहही १६ ते २२ ऑगस्टला येतो, जो उशिरा उगवलेल्या रोपांसाठी योग्य, पण पहिल्या पावसाच्या रोपांसाठी उशिराचा आहे.

फुलापूर्वी उपटलेल्या झाडांचे शेणकाल्याबरोबर खड्ड्यात उत्तम खत होते. फुलोऱ्यावरील झाडे मात्र खतात घालू नयेत, कारण ढिगाचा मध्य तापला तरी कडेचा भाग थंड राहतो आणि तिथले बी जिवंत राहून खताबरोबर परसबागेत पोहोचते. उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकातोंडावर दुपट्टा एवढी काळजी घ्यावी, आणि ज्याला एकदा पुरळ उठले आहे त्याने या कामाला हातच लावू नये.

फवारणीचा मोह सर्वांत मोठा असतो. मिठाचे दाट द्रावण पाने करपवते, परंतु ते जमिनीत उरते आणि पुढे त्याच जागी अंगण फुलवायचे असेल तर नडते. ग्लायफोसेट हे औषध गाजर गवताबरोबर हरळीही मारते, जमीन उघडी पडते, आणि उघड्या जमिनीवर पुढच्या पावसात पहिले येते ते गाजर गवतच. शिवाय केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. रुंद पानांची झाडे मारून गवत राखणारे टू-फोर-डी या कामाला अधिक योग्य वाटते, पण कापूस या औषधाला अत्यंत संवेदनशील आहे आणि वाऱ्याने गेलेल्या अंशानेही पऱ्हाटीची पाने आकसून बोटांसारखी होतात; लेआऊटच्या कुंपणापलीकडे कोणाची तरी पऱ्हाटी उभी असलेल्या गावात हा धोका लहान नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे लक्षात घेता दाट वस्तीत पंप पाठीवर घेण्याआधी दोनदा विचार केलेला बरा.

मेक्सिकन भुंगा आणि तरोटा

तणाच्या मूळ देशातून त्याचा शत्रू आणून सोडणे, याला जैविक नियंत्रण म्हणतात, आणि दख्खनमध्ये त्याचा यशस्वी दाखला आहे : शेते गिळणाऱ्या फड्या निवडुंगाचा बंदोबस्त १९२६ नंतर सोडलेल्या एका पिठ्या किडीने मोठ्या प्रमाणावर केला. त्याच मार्गाने १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा बंगळुरूला आणण्यात आला आणि पुढच्या वर्षी तो सोडण्यात आला. हा मळकट पांढऱ्या पाठीवर गडद नागमोडी रेषा असलेला, अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा मोठा कीटक असून, तो आणि त्याच्या अळ्या दोन्ही गाजर गवताची पाने खातात. अळ्या शेंड्याचा कोंब कुरतडत असल्याने फुलोराच रोखला जातो. कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसल्याने खळबळ माजली होती, परंतु चौकशी व प्रयोगांनंतर पिकाला त्याच्यापासून खरा धोका नसल्याचे स्पष्ट झाले.

त्याची मर्यादा वेगळीच आहे. हिवाळ्यापासून तो जमिनीत सुप्त राहतो, पावसाबरोबर बाहेर येतो आणि त्याची संख्या वाढेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, तेव्हा पहिल्या रोपांनी बी टाकलेले असते. शिवाय ज्या प्लॉटवर तो रुजला तो प्लॉट हिवाळ्यात जेसीबीने साफ केला, तर सुप्त भुंगेही मातीबरोबर ट्रकमध्ये जातात. म्हणून घरालगतच्या जागेत हात आणि लांबच्या मोकळ्या पट्ट्यात भुंगा, अशी वाटणी अधिक व्यवहार्य दिसते, आणि ती करायची तर पाने चाळणीसारखी झालेला पट्टा ‘घाण’ समजून लगेच काढून टाकण्याची सवय सोडावी लागते.

भुंग्यापेक्षा स्वस्त मदतनीस वऱ्हाडी माणसाच्या ओळखीचा आहे. पहिल्या पावसात ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी वर्ध्याच्या बाजारात येते, तो तरोटा, म्हणजे टाकळा, गाजर गवताच्याच वेळी उगवतो, दाट वाढतो आणि त्याला सावलीखाली दाबून टाकतो. नोव्हेंबरात धुऱ्यावरच्या वाळल्या शेंगांतून बी गोळा करायचे, कोरडे ठेवायचे आणि मे महिन्याच्या अखेरीस प्लॉटवर दाट फेकायचे, एवढेच यात काम आहे. पहिल्या वर्षी दोन्ही वनस्पती मिसळून येतात, आणि तेव्हा उगवलेले गाजर गवत तेवढे निवडून उपटले, तर पुढील वर्षांत तरोट्याचे पारडे जड होत जाते. मात्र तरोटा पावसाळी असल्याने नोव्हेंबरात वाळतो आणि जमीन पुन्हा उघडी पडते. त्या वेळी न्हाणीच्या पाण्याच्या नालीकाठी, कुंपणाच्या सावलीत आणि बोअरवेलच्या ओलीवर गाजर गवताची थंडीतली पिढी उगवते, जी संख्येने थोडी असली तरी पुढच्या पावसाळ्याचे बी तीच तयार ठेवते. डिसेंबर-जानेवारीत मजूरही मिळतात आणि नालीकाठची माती तेवढी ओली असते, तेव्हा त्या पट्ट्यातली रोपे मुळासकट काढायची आणि नालीचे तोंड शोषखड्ड्याकडे वळवायचे, हे काम त्या दोन महिन्यांतच उरकावे लागते.